मातेचं मडकं

केवलरामचा ताप मलेरियाचा नाही, हे सरकारी दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या विजयाने एकदा नव्हे, तीनदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. तिन्ही काचपट्ट्या स्वच्छ. नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीत पहार चालवणारा हा धट्टाकट्टा गडी तीन दिवस डोळ्यांच्या खोबणी दाबत विव्हळला. हाडं कुणी मुसळाने कुटतंय, म्हणाला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि अंगभर लाल पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, डेंगी. त्याची आई कौशल्या म्हणाली, माता; पुरळाच्या रूपाने देवीच अंगावर आली. निकाल अर्थातच कौशल्येच्या बाजूने लागला.

अहिवारा गावाजवळच्या त्यांच्या घरी विजया पोचली, तेव्हा केवलरामच्या उशाशी मातेचं मडकं मांडून पाच दिवस झाले होते. मडक्यात पाणी, पाण्यावर कडुलिंबाचा डहाळा. नऊ दिवस हे पाणी ओतायचं नाही, बदलायचं नाही, अशी रीत. विजयाने वाकून पाहिलं. आत बारीक अळ्या वळवळत होत्या.

“मावशी, हे पाणी ओता. आत्ताच्या आत्ता.”

“कावून?”

“डासांच्या अळ्या आहेत. हे डास दिवसाढवळ्या चावतात. गल्लीत अजून तिघं तापाने पडलेत. त्यांना चावलेला डास उद्या तुमच्या सुनेला चावला म्हणजे?”

कौशल्येने मडक्यात डोकावून पाहिलं आणि भक्तिभावाने हात जोडले. “पाण्यात जीव पडला, बाई! माता खुश हाये.”

विजयाने डोळे मिटून मनात दहा आकडे मोजले.

दाराशी केवलरामची बायको नलू तांदूळ निवडत बसली होती. सातवा महिना. पहिलं लेकरू आठव्यात गेलेलं. या तापात पोटुशीचं काय काय होऊ शकतं, याची यादी विजयाला पाठ होती. ती नलूसमोर म्हणून दाखवायची सोय नव्हती. रांजणाला झाकण घाला, असं ती तीन आठवडे याच घरात येऊन सांगत होती. रांजण अजूनही आ वासून उभा होता.

“तू शिकलेली बाई,” कौशल्या म्हणाली, “तुह्या त्या दुर्बिणीत माता दिसते का?”

“नाही.”

“मंग!”

विजयाने पिशवी उचलली. तेवढ्यात कौशल्या सुनेवर खेकसली, “अवं नलू, मातेसमोर उघड्या डोस्क्यानं बसून राहिली? पदर घे!”

विजया दारातूनच वळली. “सुनेचं डोकं उघडं चालत नाही, मावशी. आणि माता पाच दिवस उघडी बसलीय, ते चालतं?”

कौशल्येने ट्रंकेतून कोरा खण काढला आणि मडक्याच्या तोंडावर दोऱ्याने आवळला. विजयाने कडेने बोट फिरवून फट राहिली नाही ना, ते पाहिलं.

नवव्या दिवशी मातेची पाठवणी. मडकं कडुलिंबाच्या झाडापाशी न्यायचं ते घरच्या सुनेने. विजया धावतपळत पोचली, तेव्हा मडकं नलूच्या कडेवर होतं आणि कौशल्या दोरा सोडायच्या बेतात होती. आतून बारीक गुणगुण येत होती.

“ऐकलं का, बाई? माता गाऊन राहिली.”

“दोरा सोडू नका!” विजया इतक्या जोरात ओरडली की झाडावरचे कावळे उडाले. “मातेची ओढणी उतरवता का चारचौघांत? खणातूनच ओता.” तिने नलूकडून मडकं घेतलं आणि मुळाशी पालथं धरलं. पाणी झिरपून गेलं. मग तिने मडकं सुलटं करून खण काढला आणि ओला खण पसरला. त्याला पंचवीस-तीस डास चिकटले होते, पायांवर पांढरे पट्टे असलेले.

कौशल्या खणावर वाकली. “एवढे?”

“एवढे. यांच्यातला एकही बाहेर नको होता.”

कौशल्येने एकवार नलूच्या पोटाकडे पाहिलं. मग पुन्हा हात जोडले. “मातेनं धरून ठेवले, बाई. नलूसाठी.”

विजयाच्या ओठांवर काचपट्ट्या, अळ्या, सगळं आलं होतं. तिने ते गिळलं. “हो. मातेनंच.”

घराकडे वळता वळता कौशल्या थांबली. “मंग बाई, त्या रांजणालेबी खण बांधू का?”

तीन आठवडे! विजयाने आभाळाकडे पाहिलं.

“बांधा, मावशी,” ती म्हणाली. “घट्ट बांधा.”