माझा तळ बुजवला तेव्हा

मी एक जुनी मातीची कुंडी आहे. काठापासून तळापर्यंत मला तडा गेला आहे आणि पोटाला तार आवळलेली आहे. मित्रांनो, कुंडीचं काय ऐकायचं, असं म्हणून पुढे जाऊ नका. मला थोडंच सांगायचं आहे आणि त्यासाठी माझ्याकडे फार दिवसही उरलेले नाहीत.

कुंभाराने मला चाकावर घडवलं, काठ छान वळवला आणि मी ओली असतानाच तळाला बोटाने आरपार भोक पाडलं. मला भारी राग आला. एवढी सुबक करायची आणि बुडाला भोक! शेजारचे माठ फिदीफिदी हसले. भट्टीतून भाजून निघाले तरी माझा राग काही उतरला नाही. तो उतरला पुढे, कारण त्या भोकामुळेच माझी बरीच वर्षं चांगली गेली.

मी ज्या घरी आले तिथले गृहस्थ बस चालवत. सगळी इमारत त्यांना ड्रायव्हरकाका म्हणे आणि त्यांच्या पत्नीला काकू. काकू शिवणकामाच्या दुकानात काज-बटणं करत. त्यांची गॅलरी पश्चिमेची. दुपारी एकदा ऊन आलं की मावळेपर्यंत हलायचं नाव नाही. कठड्याला हात लावला तर चटका बसे. झाडांचे लाड करायला काकूंना वेळ कुठला? त्यांनी माझ्यात सदाफुली लावली आणि कडेला कोरफडीचं पिल्लू खोचलं. आठवण झाली तर तांब्याभर पाणी, नाही तर नाही. जास्तीचं पाणी भोकातून निघून जाई आणि मुळं मोकळा श्वास घेत. त्या रखरखाटात सदाफुली अशी फुलायची की समोरच्या इमारतीतून विचारणा होई, "काकू, खत कोणतं घालता हो?"

"दुर्लक्ष!" काकू सांगत, आणि मी फुशारून जायची.

मग काकांची नजर अधू झाली. डेपोच्या डॉक्टरांनी तपासलं आणि गाडी काढून घेतली. आजवर बसभर माणसं त्यांच्या भरवशावर डुलक्या काढत घरी गेली होती. आता जिना उतरताना काकूच त्यांचा हात धरू लागल्या. काकांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी जणू मला दत्तक घेतलं.

पाणी! उठले की पाणी, चहा झाला की पाणी, कंटाळा आला की पाणी. "तहानली असेल गं बिचारी," म्हणायचे आणि हातातला पाण्याचा मग माझ्यात रिकामा करायचे. माती ओली की कोरडी ते त्यांना दिसत नव्हतं आणि चाचपून बघायचं सुचत नव्हतं. माझ्या भोकातून धार लागली, तशा खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या.

"काका, माझ्या धुतलेल्या चादरींवर चिखलाचे ओघळ आलेत. काहीतरी करा ना!"

काका ओशाळले. त्यांनी सिमेंट कालवलं, मला झाडासकट आडवं केलं आणि माझं भोक बुजवून टाकलं. वर बोट फिरवून ते गुळगुळीतही केलं. "आता थेंब पडला तर सांगा," म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हातून एक काम जमलं होतं. मी आतल्या आत ओरडत होते, अहो नका, नका! पण कुंडीचा आवाज कुणाला ऐकू जातो?

पाणी वरून येत राहिलं आणि त्याला जायला वाट नव्हती. सदाफुली पिवळी पडली. काकांना वाटलं, उन्हामुळे. त्यांनी पाणी वाढवलं. कोरफड बुडातून लिबलिबीत झाली. मग त्यांनी नाजूक नेचा आणला. त्याला हवी सावली. दोनचार दुपारीच तो करपून गेला. गुलाब आणला, तोही गेला. एकेकाची मुळं माझ्या पोटात सडत होती आणि मला ती टाकताही येत नव्हती.

काकू वैतागल्या. "अहो, भर उन्हात नेचा कुणी ठेवतं का? नर्सरीवाली जेड देत होती ना? जाड पानांचं, विसरलं तरी जगतं म्हणाली."

"म्हणूनच नाही घेतलं. विसरलं तरी जगतं ते कशाला आणू? ज्याला माझी गरज आहे असं काहीतरी असू दे की माझ्यापाशी."

काकू दुकानात कामाला निघून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी जेड आणलंच. बुजलेल्या तळापुढे तेही काय करणार? कुजलं.

त्या दिवशी काका म्हणाले, "माझ्या हाताला लागेल ते मरतं. गाडी काढून घेतली ते बरंच झालं. माणसं मारली असती मी."

ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. गॅलरीत येईनात, जेवेनात. ताट जसंच्या तसं परत जाई. काकू दाराशी उभ्या राहून विनवत, "अहो, दोन घास तरी खा. माझ्यावर ओरडा हवं तर. एकदा रडून मोकळे तरी व्हा!" काका पांघरूण डोक्यावर ओढून घेत. काकूच मग पदराने डोळे पुसत. इकडे माझ्या पोटात काळं पाणी आंबत होतं. आता या घरात काहीच जगणार नाही, अशी माझी खात्री झाली.

एका दुपारी काकू मूठभर फांद्या घेऊन आल्या. "डेपोच्या फाटकाशी माजलंय हे. तुमचे कंडक्टर म्हणाले, घेऊन जा, काकांची फार आठवण येते. ऑफिस टाइम म्हणतात याला, ऊन चढलं की ऑफिसच्या वेळेला फुलतं. कुठंही खोचा, लागतं."

काका ताडकन उठले. "चिडवतेस मला? मला कसलं आता ऑफिस आणि कसला टाइम!"

तरातरा येऊन त्यांनी मला धरलं आणि उलटं केलं. त्यांना मला रिकामी करून कायमची अडगळीत टाकायची होती. पण काळं, घाण मारणारं पाणी भस्सकन त्यांच्या पायांवर आलं आणि ते थबकले.

"एवढं पाणी? गेलं कसं नाही हे?"

त्यांनी मला पालथी घातली. चाचपडत त्यांची बोटं माझ्या तळाशी आली. सिमेंट लागलं. त्यावरून फिरवलेल्या बोटाची पन्हाळ लागली. त्यांचंच बोट त्यात नेमकं बसलं.

"अगं," ते म्हणाले, "हे मीच बुजवलं."

त्यांनी पेचकस आणि हातोडी मागितली. पहिल्याच घावात सिमेंट निघालं आणि मला तडा गेला. तो आवाज ऐकून काका मटकन त्या चिखलातच बसले. मला मांडीवर घेऊन ते रडले, हमसून हमसून रडले. गाडी, डोळे, सदाफुली, सगळं त्यात होतं. काकू शेजारी टेकल्या. त्यांनी डोळे पुसायला पदर पुढे केला नाही. रडू दिलं.

मग माझ्या पोटाला तार आली. वाळू मिसळलेली नवी माती आली. ऑफिस टाइमच्या फांद्या लागल्या, आणि एके दिवशी लालभडक फूल उमललं. इतकं भडक, की काकांच्या नजरेलाही दिसलं. आमच्याकडे ऊन दुपारचं, म्हणून ते उघडलंही उशिरा.

"हे दुसऱ्या पाळीवर आहे वाटतं," काका म्हणाले. काकू हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मित्रांनो, सगळं गोड झालं असं समजू नका. काकांचे डोळे परत आलेले नाहीत. अजूनही ते पाण्याचा मग घेऊन माझ्यापुढे उभे राहतात. मातीत बोट घालतात. ओली लागली तर भरलेला मग तसाच परत नेतात आणि थोड्या वेळाने पुन्हा येऊन चाचपतात. माझी तारही गंजत चालली आहे. म्हणून हात जोडून सांगते, भर उन्हात कुंडी ठेवणार असाल तर ऊन झेलणारं झाड लावा. ते आपलं आपण जगतं. त्याच्यावर माया करा, पण आधी मातीत बोट घाला. कुंडीच्या तळाचं भोक बुजवू नका. आणि घरात कुणी नुसतं गप्प बसून असेल, तर त्याच्याजवळ जरा टेका.

काल काकांनी वाकून माझ्या भोकात बोट घातलं. मोकळं आहे याची खात्री केली, हात धुतले आणि आत हाक मारली, "अगं ए, भूक लागलीय मला."