माझ्या पोटातली सदतीस नावे

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. तुम्ही मला पाहिले असेल, पण बहुधा कुंडी म्हणून. मांडवीच्या किनाऱ्यावर भेळवाल्यांच्या गाड्या संपल्या की थोडे पुढे एक निळी, लाल मातीने काठोकाठ भरलेली आणि सदाफुलीने फुललेली वस्तू दिसते, ती मी. माझ्यापुढे उभे राहून तुम्ही फोटोही काढला असेल. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला काही माहीतच नव्हते. ज्यांना माहीत होते त्यांनी काय केले, ते मात्र मला सांगायचे आहे. सांगण्यापलीकडे आता माझ्या हातात काही उरलेले नाही.

मला धाकू सुताराने बांधले, फणसाच्या आणि आइनाच्या लाकडातून. प्रत्येक फटीत त्याने कापूस ठोकला आणि वर राळ भरली. लाकडी होडीचे एक असते. ती ओली असते तोवर तिच्या फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरून राहतात. कोरडी पडली की फटी पडतात. आणि तिच्यात माती भरली की ती आतून कुजायला लागते. हे किनाऱ्यावरच्या लहान पोरालाही ठाऊक असते, पण ज्यांच्या हातात कागद असतात त्यांना नसते.

बाबल्या माझा मालक. दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी तो मला माशाचे तेल चोळायचा, स्वतःच्या हाताने. माझ्या अंगाला वास यायचा खरा, पण तो कष्टाचा वास होता. त्याची बायको कमळा टोपली घेऊन किनाऱ्यावर वाट पाहायची. मी अजून पाण्यातच असताना ती नुसत्या वासावरून सांगायची, आज बांगडा आहे की करली. ती सहसा चुकायची नाही, आणि चुकली तर कबूल करायची नाही. तीस-बत्तीस वर्षे आमचे असे छान चालले होते.

मग मोठ्या दिव्यांच्या, मोठ्या जाळ्यांच्या बोटी आल्या. बाबल्याच्या जाळ्यात एकेका जातीचा मासा यायचा बंद झाला. त्याच्या मुलाने, हितेशने, फायबरची होडी घेतली. मला सुरूच्या झाडाखाली पालथी घातली. माझ्या पोटाखाली कुत्रीने दोनदा पिल्ले घातली, तेवढाच काय तो माझा उपयोग. तरी बाबल्या रोज येऊन माझ्या पाठीवर हात ठेवायचा.

अशा पडत्या काळात वेदिका आली. ती इथलीच मुलगी, मुंबईला चित्रकला शिकलेली. सरकारी अनुदानातून किनाऱ्यावर कला महोत्सव होणार होता. बारा कलावंत निवडले होते आणि त्यांच्यावर देखरेख करायला एक समिती नेमली होती. वेदिका तीन दिवस माझ्याभोवती नुसती फिरत राहिली. शेवटी बाबल्याने विचारले, "गो बाय, इकत घेतेस की नुसती बघतेस?"

"आजोबा, तुम्हाला पूर्वी मिळायचे आणि आता मिळत नाहीत, त्या माशांची नावं सांगाल? मला ती हिच्या आत लिहायची आहेत."

बाबल्याला लिहिता-वाचता येत नाही. त्यामुळे कुणी त्याला काही सांगायला बसवावे, याचेच त्याला हसू आले. पण मला उताणी करून तो काठाला टेकला आणि एकेक नाव सांगू लागला. घोळ. दाढा. वाम. कमळा मधेमधे त्याला अडवायची. "मुडदुशा कशाला सांगतोस? कालच इकल्या मी!" मग ते नाव खोडले जायचे. खरेपणाबद्दल कमळाइतकी कडक परीक्षक मी दुसरी पाहिली नाही. दोन दिवसांनी सदतीस नावे उरली. त्यातल्या शिंगाळ्यापाशी बाबल्या जरा थांबला.

"ह्याचा नर अंडी तोंडात धरून फिरतो. पोरं भायेर पडंपर्यंत खात नाय, बोलत नाय."

"मासा कधी बोलतो काय रे?" कमळा म्हणाली, आणि तिघेही हसले. माझ्या उजव्या अंगाला, तिसऱ्या फळीवर वेदिकाने ते नाव लिहिले.

लिहिण्यासाठी तिने रंगाचे डबे आणले होते. बाबल्याने ते पायाने बाजूला सारले. "रंगान लिवलंस तर दोन पावसात जाईल. डांबरान लिव. डांबर मरत नाय." तिने ऐकले.

आता महिपत मास्तरांबद्दल सांगते. ते निवृत्त चित्रकला शिक्षक, वेदिकाचेही शिक्षक. गावातल्या एका साप्ताहिकात ते प्रदर्शनांवर लिहायचे. कुठेही गेले तरी घडीचे स्टूल आणि चहाचा थर्मास स्वतःचा असायचा. आयोजकांचा चहा ते घेत नसत. "त्यांचा चहा पोटात गेला की पेन जड होतं," असे ते म्हणत. लोक पाठीमागे त्यांना थर्मास मास्तर म्हणायचे, आणि समोरून जरा घाबरायचे.

मास्तर माझ्यापुढे स्टूल मांडून तासभर बसले. त्या आठवड्यात त्यांनी लिहिले की नावे खरी आहेत, पण अक्षरे फार नटवी आहेत, ही माशांची नावे आहेत, लग्नपत्रिका नव्हे. वेदिका दोन दिवस फुगून बसली. बाबल्यालाही मास्तरांचा राग आला. तिसऱ्या दिवशी ती पहाटे आली, तिने सगळी अक्षरे खरवडली आणि ब्रशाऐवजी काडीने पुन्हा लिहिली, साधी आणि जाड. मित्रांनो, फरक मला अंगावर कळला. आधी मी सजवलेली वाटत होते. आता मी काहीतरी सांगते आहे असे वाटू लागले. कुणी आपले खरे दोष सांगितले तर सुरुवातीला झोंबते, पण त्याने आपले भलेच होते.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी समितीचे सचिव दीपकराव आले. माणूस वाईट नव्हता. बोलताना घाम पुसत होता.

"मॅडम, मंत्रीसाहेब मासेमारीच्या प्रगतीवर बोलणार आहेत. आणि इथं तुम्ही न मिळणारे मासे लिहून ठेवलेत!"

"पण ते खरंच मिळत नाहीत."

"मी कुठं म्हणतो खोटं आहे? पण महोत्सव सरकारी आहे. आत छान आकाशी रंग मारू, बाहेर एक डॉल्फिन काढू. अनुदानाच्या कागदावर अट आहे, समिती सुचवील ते बदल करावे लागतील. नाहीतर कलाकृती हटवावी लागेल." त्यांनी कागद पुढे केला.

वेदिकाचे डोळे भरले. तिने बाबल्याकडे पाहिले. बाबल्या तिच्या कानाशी वाकून पुटपुटला, "मारू दे रंग. डांबरावर रंग ऱ्हात नाय. उन्हाळ्यात डांबर वर येतंच." वेदिकाने सही केली. आम्हा तिघांनाच गुपित कळले होते, आणि मी तर कुणाला सांगू शकतच नव्हते. रंगाऱ्यांनी तेलरंगाचे दोन हात मारले. ते मुंबईहून आलेले, होडीचे रंगारी नव्हते, नाहीतर त्यांनी आधी डांबर खरवडले असते.

मंत्री आले, फीत कापून गेले. माझ्यात कुणी डोकावले नाही. मास्तर मात्र डोकावले आणि निळे पोट पाहून तसेच उभे राहिले.

"तू सही केलीस?"

"हो सर."

"का?"

वेदिका गप्प राहिली. मास्तरांना जे कळते ते ते लिहितात, हे तिला ठाऊक होते. सांगितले असते तर आमचे गुपित छापून आले असते. मास्तर एवढेच म्हणाले, "मला वाटलं होतं, तुला काहीतरी शिकवलंय मी." मला ओरडावेसे वाटले. पण होडीला कुठली जीभ असते! ती मान खाली घालून मुंबईला गेली.

मास्तरांनी समितीवर आणि वेदिकावर, दोघांवरही कडक लेख लिहिला. ते साप्ताहिक सरकारी जाहिरातींवर चालते. संपादक म्हणाले, "मुलीबद्दलचं छापतो मास्तर, समितीबद्दलचं तेवढं काढू." मास्तर म्हणाले, "अर्धं खरं मी छापायला देत नाही." लेख परत आला. मग त्यांनी तो माझ्या शेजारी बसून बाबल्याला मोठ्याने वाचून दाखवला. बाबल्या वेदिकावरचे बोल ऐकून तळमळला, पण त्यानेही तोंड उघडले नाही.

एप्रिलमध्ये ऊन तापले. निळ्या रंगावर आधी तपकिरी डाग आले. मग डागांची अक्षरे झाली. घोळ वर आला, मग वाम, मग दाढा. मे संपायच्या आत सदतीसच्या सदतीस नावे निळ्या रंगातून वर आली, जणू पाण्यातूनच. मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. माणसे वाकून वाचायची. एक आई आपल्या मुलीला म्हणाली, "हा मासा माझे बाबा आणायचे." कमळा बाजारातून येता-जाता उगाच थांबायची आणि अनोळखी लोकांना प्रत्येक माशाच्या कालवणाची कृती सांगायची.

मास्तर आले. त्यांनी वाचले. बाबल्याला आता राहवेना. त्याने सगळे सांगून टाकले.

"म्हणजे पोरीला माहीत होतं?"

"मीच सांगितलं व्हतं तिला."

मास्तर स्टुलावर बसले. मग त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून बाबल्याच्या हातात दिला. "मी तिला फार लागेल असं बोललो. आता हे लिहायला हवं."

"मास्तर, ह्ये पेपरात लिवू नका," बाबल्या म्हणाला. "गप ऱ्हावा. हाय ता ऱ्हाऊ द्या."

"बाबल्या, वाईट दिसलं ते लिहिलं. चांगलं दिसलं आणि ते लपवलं, तर माझ्या लिहिण्याला काय अर्थ?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, नका हो मास्तर, एवढी एक वेळ नका. पण ज्या माणसाने जन्मभर कुणाचा चहा घेतला नाही, तो माझे कसे ऐकणार?

त्यांनी फार सुंदर लिहिले. समितीचे नावही घेतले नाही. डांबराचे गुपित सांगितले, वेदिकाची माफी मागितली आणि शेवटी लिहिले, जाऊन वाचा. संपादकांनी एक शब्द न कापता फोटोसकट छापले. सरकारी महोत्सवातल्या होडीची स्तुती होती, त्यांना कसली अडचण? मास्तरांची समितीवरची टीका कुणी छापली नाही. स्तुती छापली, आणि तिनेच माझा घात केला.

गुरुवारी अंक निघाला. सोमवारी लाल मातीचा ट्रॅक्टर आला.

दीपकराव कागद घेऊन आले होते. त्यावर 'सुशोभीकरण' असे लिहिले होते. "नावांना आम्ही हातसुद्धा लावत नाही," ते म्हणाले, आणि ते खरे होते. मास्तर तो अंक हातात घेऊन ट्रॅक्टरसमोर उभे राहिले. मजूर अदबीने म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, धूळ उडेल." थोड्या वेळाने मास्तर बाजूला झाले. दुसरे काय करणार होते? पहिली पाटी पडली तेव्हा मला वाटले, लाट आली. पण लाट येते तशी जातेही. माती आली ती राहिलीच. ती डाव्या अंगाने चढत गेली, मग उजव्या. दुपारपर्यंत सदतीस नावे गाडली गेली आणि वर सदाफुली लागली.

वेदिका पुढच्या रविवारी गाडीने आली. मास्तर माझ्याशेजारी स्टूल टाकून बसले होते. ती खाली वाळूत बसली.

"मी लिहायला नको होतं," मास्तर म्हणाले.

"छान लिहिलं होतं, सर," ती म्हणाली. तिच्या पिशवीत त्या लेखाचे कात्रण होते. तिच्याकडे माझे फोटो आहेत म्हणे. असोत. मास्तरांनी मात्र त्यानंतर लिहिणे सोडले. कुणी बंद केले असते तर ते भांडले असते. आता भांडायचे कुणाशी?

रोज सकाळी टँकर येऊन मला पाणी घालतो. गोडे पाणी! समुद्र चाळीस पावलांवर आहे आणि मी टँकरच्या पाण्यावर जगते. माझ्या फळ्या आतून मऊ पडू लागल्या आहेत. फुले मात्र छान येतात.

मित्रांनो, माझ्यासाठी कुणी काही करू शकेल असे मला वाटत नाही. पण एक विनंती आहे. तुमचे दोष तुम्हाला तोंडावर सांगणारा माणूस सापडला तर त्याला जपा. तो असतो तोवर त्याचा फार त्रास होतो, मला मान्य आहे. आणि जिथे फार फुले लावलेली दिसतील, तिथे खाली काय आहे हे एकदा तरी विचारा.

आणि आणखी एक काम आहे, ते मात्र तुम्हाला जमेल. कमळा बाजारात असते तेव्हा बाबल्या माझ्यापाशी येऊन बसतो आणि बोटांवर नावे मोजतो. तो आता थकला आहे. सदतीसची पस्तीस होतात, कधी तीस. परवा तो मधेच अडला. त्याने माझ्या काठावर हात ठेवला आणि मलाच विचारले, "अंडी तोंडात धरून फिरायचा तो... काय म्हनतात गो त्येला?"

मला ठाऊक आहे. उजव्या अंगाला, तिसऱ्या फळीवर, मातीखाली आहे. तो वाट पाहत राहिला, आणि मी काही बोलू शकले नाही.

तुम्ही मांडवीला याल तेव्हा खुशाल फोटो काढा. पण सकाळी नऊच्या सुमारास माझ्या काठाला टेकून बसलेला एक म्हातारा दिसेल. त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येते. उजव्या बाजूने जा आणि जरा मोठ्याने सांगा, "आजोबा, शिंगाळा."