सभासदत्वाचे सात लाभ

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन वद्य पंचमी, बुधवार, म्हणजे दिनांक १९ मार्च २०२५ रोजी दुपारी साडेतीन वाजता, इंदूर शहरी, सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या माडीवर, दिवाकर गजानन पोतनीस हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार मानक संस्थेच्या समितीच्या बैठकीस संगणकाद्वारे उपस्थित होते. उपस्थित होते याला लेखी पुरावा आहे, आणि तो पुरावाच पुढे सगळ्यांच्या मुळावर आला.

त्या दिवशी रंगपंचमी. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघालेली, शहराला सुटी, आणि कारखान्यातली एकतीस माणसे रंगात बुडालेली. पोतनीस मात्र सकाळी सातलाच, रस्त्यावर पहिली पिचकारी येण्याआधी, निवृत्तीच्या दिवशी घातलेला पांढरा सदरा आणि टाय घालून मागच्या गल्ल्यांतून कचेरीत येऊन बसले होते. डब्यात पोळी-भाजी होती; ती तशीच राहिली. समोर एक कागद होता आणि त्यावर एकच इंग्रजी वाक्य. त्या वाक्याची त्यांनी एकोणीस वेळा दुरुस्ती केली होती.

पोतनीसांचे वय सदुसष्ट. उभी नोकरी त्यांनी दूरसंचार खात्यात केली. निवृत्तीनंतर कारखान्याचा मालक धनेश याच्या आग्रहावरून ते या कारखान्यात सल्लागार झाले. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात पत्रलेखक होते, आणि त्या पणजोबांची दोन वचने घरात देव्हाऱ्यातल्या टाकांसारखी सांभाळली गेली होती : कागद चोख असावा, आणि दरबारात नावाचा पुकारा झाल्याखेरीज तोंड उघडू नये. दरबाराबाहेर मात्र पोतनीसांच्या तोंडाला विश्रांती नसे. रिक्षावाला, बँकेतला कारकून, पत्रिका छापणारा, कोणाचाही मुद्दा खोडून काढल्यावाचून त्यांना अन्न गोड लागत नसे. त्यांच्या पत्नी देवयानीबाई म्हणत, "डॉक्टर नाडी बघतात तेवढ्या वेळातसुद्धा तुम्ही त्यांना दोन वेळा चूक ठरवता."

कारखान्यात होत होती एकच वस्तू. जमिनीखालून जाणाऱ्या प्रकाशतंतूच्या केबलींचे सांधे ज्या पेटीत ठेवतात, ती जोडपेटी. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात हात आत जाईल इतकी फाटते आणि पावसाळ्यात फुगून येते. या ओढाताणीत परदेशी धर्तीच्या पेट्या तडकतात. त्या पेट्या उष्णतेने वितळवून बंद केलेल्या असतात, त्यामुळे एकदा उघडली की पेटी वाया. धनेशच्या वडिलांनी रबरी कडे आणि चार खटके यांवर बंद होणारी पेटी काढली. मातीबरोबर ती जरा दबते, जरा सैल होते, पण पाणी आत घेत नाही. गौतमपुऱ्याकडचा लाइनमन भर शेतात उकिडवा बसून, विजेशिवाय, नुसत्या हातांनी ती उघडतो आणि लावतो. खाली जुळणीच्या बाकावर उषा वाघचौरे हे चार खटके तीन सेकंदांत लावत असे. एकदा धनेशने घड्याळ लावून मोजले होते.

मग बातमी आली की परदेशातल्या त्या संस्थेत नव्या मानकाचा मसुदा तयार होत आहे, आणि त्याच्या कलम ७.४ मध्ये लिहिले आहे : जमिनीखालील जोडपेटी केवळ उष्णतेने बंद केलेली असावी. ज्याने हे लिहिले तो दुष्ट नव्हता. बहुधा त्याच्या देशात माती फाटत नसेल. पण ते 'केवळ' छापले गेले की इथल्या खरेदी खात्यांनी ते जसेच्या तसे उतरवून घेतले असते आणि खटक्याच्या पेटीला गिऱ्हाईक उरले नसते. बाहेरच्यांचे म्हणणे संस्था विचारात घेत नव्हती. तो हक्क सभासदांचा.

पोतनीसांनी धनेशसाठी टिपण लिहिले : 'सभासदत्वाचे सात लाभ'. मसुदे वेळेवर पाहायला मिळतील हा पहिला. चौथा, आणि त्याखाली दोन रेघा, बैठकीत हरकत घेण्याचा अधिकार. सातवा, जगाच्या कागदपत्रांत आपल्या संस्थेचे नाव नोंदले जाईल.

धनेशने टिपण दोनदा वाचले. तो चाळिशीच्या आतला, वडिलांच्या मागे एकट्याने कारखाना ओढणारा माणूस. म्हणाला, "काका, सात फायदे तर समजले. नुकसान किती, ते पण लिहा ना."

"सभासद होण्याचे नुकसान? ते संभवतच नाही. जो आत आहे त्याला आवाज आहे. जो बाहेर आहे त्याला नाही. यात तिसरा पक्ष दाखव."

"मी कुठून दाखवू? वकिली तुमची चालते, आम्हा इंदुरी भिया लोकांची नाही," धनेश हसला, आणि त्याने वर्गणीच्या पैशासाठी नव्या साच्याचा बेत पुढे ढकलून सभासदत्वाचा अर्ज भरला.

खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्यावर पोतनीसांनी ते सात लाभ सगळ्यांना वाचून दाखवले. जुळणीवरच्या बायका पेढा हातात धरून ऐकत राहिल्या. उषाचे सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा दारावर नुसता एक कागद चिकटवला होता. तिची मुलगी उर्वी आता भंवरकुआं भागातल्या क्लासला जात होती आणि घरात पगार एकटीचाच होता. तिने विचारले, "काका, एक बात सांगा. तिथे आपली बारी आली की बोलणार कोण? तुम्हीच ना?"

"मीच."

"मग झालं," उषा म्हणाली. "काका बोलले की समोरचा हात जोडतो." सगळ्या हसल्या. पोतनीसही हसले.

फेब्रुवारीत त्यांनी समितीच्या अध्यक्षांना चार पानी पत्र पाठवले : काळ्या मातीचे वर्तन, अकरा वर्षांचे अनुभव, आणि शेवटी, कलम ७.४ वर हरकत मांडण्याची अनुज्ञा असावी, ही विनंती. दोन दिवसांत उत्तर आले : पत्राबद्दल आभार, बैठकीत आपले स्वागत आहे. पोतनीसांनी त्याचा अर्थ असा लावला की अर्ज दाखल झाला. आता पुकारा होईल.

बैठकीत त्रेचाळीस माणसे होती. पडद्यावर त्यांचे चेहरे पत्त्यांसारखे मांडलेले. अध्यक्ष नम्र आणि चपळ होते. प्रत्येक कलमाला ते विचारत, कोणी काही बोलले तर ऐकत, नाहीतर पुढे जात. ७.१, ७.२, ७.३. पोतनीसांचा माईक चालू होता. घसा साफ होता. कागद समोर होता.

"सात-चार," अध्यक्ष इंग्रजीत म्हणाले. "काही म्हणणे?"

अध्यक्षांनी खाली टेबलाकडे पाहिले. पोतनीसांना वाटले, माझे पत्र शोधत आहेत. आता नाव घेतील. त्यांनी टायची गाठ सारखी केली. कोणीतरी खाकरले. वाक्याच्या आरंभीचे 'सन्माननीय' त्यांच्या जिभेवर येऊन उभे राहिले आणि पुकाऱ्याची वाट पाहू लागले.

"कोणाचे काही नाही. मान्य. सात-पाच."

तीन सेकंद. फार तर साडेतीन.

पोतनीसांनी तोंड उघडले आणि मिटले. निकाली निघालेल्या कलमावर मध्येच बोलणे रीतीला धरून नव्हते. शेवटी 'इतर विषय' येतील, तेव्हा बोलू, असे त्यांनी ठरवले. इतर विषय आले. पुढच्या बैठकीच्या तारखेवर दोन माणसे बोलली. तेव्हाही त्यांचे नाव कोणी घेतले नाही. मग सगळ्यांनी हात हलवून निरोप घेतला आणि पडदा काळा झाला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात शेवटचा शब्द दुसऱ्याला घेऊ दिला नव्हता, तो आपला पहिला शब्द हातात घेऊन तसाच बसून राहिला.

संध्याकाळी धनेशचा फोन आला. मागे ढोल वाजत होते. "काका, झालं का? बोललात ना?"

खोटे बोलणे पोतनीसांच्या स्वभावात नव्हते. शब्द निवडणे होते. ते म्हणाले, "आपली भूमिका लेखी स्वरूपात अध्यक्षांकडे पोचलेली आहे."

"बस, मग टेन्शन नाही," धनेश म्हणाला.

त्यानंतर त्यांनी संस्थेला तीन पत्रे लिहिली, एकाहून एक चोख. रात्रीच्या जेवणाला हाक मारली तरी येईनात तेव्हा देवयानीबाईंनी एकदा विचारले, "कुणाशी भांडताय?" त्यांनी उत्तर दिले नाही. तेवढ्यावरून त्या समजल्या, आणि त्यांनी पुन्हा विचारले नाही.

एप्रिलच्या मध्यावर उत्तर आले. आपले फेब्रुवारीचे पत्र अध्यक्षांना वैयक्तिक म्हणून मिळाले होते, ते समितीचे कागदपत्र नव्हे. हरकत बैठकीत घ्यावी लागते, ७.४ वर ती विचारण्यात आली. कोणी घेतली नाही. या संस्थेत हरकत नसणे यालाच एकमत म्हणतात. पुढील फेरविचार चार वर्षांनी होईल. सोबत इतिवृत्त जोडले होते. त्यात ज्यांच्या एकमताने मसुदा संमत झाला त्या उपस्थित सभासदांची यादी होती, आणि चौदाव्या ओळीत, एकही अक्षर न चुकता : डी. जी. पोतनीस, इंदूर.

सातवा लाभ पदरात पडला होता. पोतनीसांनी तो कागद कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावले, आणि रोज सकाळी कचेरीत आल्यावर ते उघडून तो कागद पुन्हा वाचला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या ढगांबरोबर, ज्या खरेदी खात्याच्या मागणीवर कारखाना चालत होता त्याचे पत्र आले. खटक्याची पेटी यापुढे स्वीकारली जाणार नाही. नव्या मानकात ती बसत नाही; आणि सदर मानकाला स्वतः उत्पादकाची संमती असल्याचे इतिवृत्तावरून दिसते, सबब या बाबतीत पुढील पत्रव्यवहार निष्फळ समजावा.

धनेश पत्र घेऊन माडीवर आला. तो ओरडला असता तर पोतनीसांना बरे वाटले असते. तो स्टुलावर बसला आणि बराच वेळ पत्राची घडी घालत आणि मोडत राहिला.

"आपली संमती होती, लिहिलंय."

"ती संमती नव्हती. ते मौन होते. या दोहोंत भेद आहे आणि तो मी सिद्ध करू शकतो."

"कोणाला, काका?"

पोतनीसांचा हात कपाटाच्या किल्लीकडे गेला.

"बाहेर असतो ना," धनेश म्हणाला, "तर म्हटलं असतं, साहेब, आम्हाला विचारलंच नाही. कोर्टात जाऊन बोंब मारली असती. आता काय बोलू? आत होतो म्हणून?" मग तो उठला. "खाली मी सांगतो. तुम्ही राहू द्या."

"नाही. खाली मी वचन दिले होते. मीच सांगेन."

ते जिना उतरले. दुपारच्या चहाची वेळ होती. बायका बाकांवरच बसल्या होत्या. उषाच्या पुढ्यात रबरी कड्यांची चळत होती आणि चहाचा पेला एका पेटीच्या झाकणावर ठेवलेला होता. यंत्र थांबले. पोतनीस उभे राहिले आणि बोलू लागले, आणि आश्चर्य असे की आता वाक्ये आपोआप येत गेली. संस्थेची रचना, मसुद्याचा इतिहास, वैयक्तिक पत्र आणि समितीचे कागदपत्र यांतला फरक, एकमत या शब्दाची त्या संस्थेने केलेली व्याख्या, अध्यक्षांची घाई, पुकारा होईल या आपल्या अपेक्षेमागची कारणे. प्रत्येक कारण खरे होते, प्रत्येकाला पुरावा होता, आणि जसजसे ते एकेक मांडत गेले तसतशा समोरच्या माना खाली जात राहिल्या. गिरणीच्या दारावरचा कागद इतका लांब नव्हता. शेवटी त्यांनी सांगितले की या महिन्याअखेर काम बंद होईल, आणि ते थांबले.

कोणी रडले नाही. मागच्या बाकावर एकीने चहाचा पेला धुवायला उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

उषा म्हणाली, "काका, मी कमी शिकलेली. एक-दोन गोष्टी विचारते, नाराज नका होऊ."

"विचार."

"त्या साहेबाने विचारलं होतं का, कोणाला काही बोलायचंय म्हणून?"

"विचारले होते. पण रीतीप्रमाणे त्यांनी माझे नाव..."

"विचारलं होतं."

"हो."

"किती वेळ थांबला?"

"तीन सेकंद. फार तर साडेतीन."

उषाने पेला बाजूला ठेवला, अर्धवट राहिलेली पेटी पुढे ओढली, कडे बसवले, आणि सवयीने चारही खटके लावले. टक, टक, टक, टक. मग पेटी तयार मालाच्या ढिगात ठेवली आणि पदराला हात पुसले.

"'नाही' बोलायला तेवढे खूप झाले, काका," ती म्हणाली. "तुम्ही बोललाच नाहीत."