तांबड्या दिव्याखाली लागलेला माझा सूर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मित्रांनो. माझं खोकं कपड्यांच्या कपाटाच्या दाराचं आहे. माझी दोन बटणं जुन्या गॅसच्या शेगडीवरून काढलेली आहेत, आणि चौथ्या पट्टीवर चहाचा डाग आहे. तरीही एके काळी अख्खं इंग्लंड माझा आवाज ओळखत होतं! मी शेफील्डचा सिंथेसायझर, विजेवर गाणारं वाद्य. नाक जरा वरच आहे माझं, पण ते मी कमावलंय.

माझा जन्म १९७७ सालचा. क्लाइव्ह स्टॅनिफोर्थ नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा चमच्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा. एका मासिकात माझा नकाशा छापून आला आणि त्याने मला घरीच बनवायचं ठरवलं. त्याचे वडील हॅरल्ड पोलादाच्या गिरणीत होते. त्यांना दोनच नाद होते, शर्यतीची कबुतरं पाळायची आणि त्या कबुतरांचे फोटो काढायचे.

"काय रे, रेडिओ उघडलायस का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. वाद्य बनवतोय."

"वाद्य? आणि फुंकायचं कुठून?"

पण माणूस मनाचा मोठा. त्यांनी आपलं तळघर दिलं. ते तिथेच फोटो धूत, म्हणून अट एकच घातली. "दिवा तांबडाच राहील. पांढरा लावलास तर माझी कबुतरं काळी पडतील!" फोटोचा कागद पांढऱ्या उजेडात काळा पडतो ना, म्हणून.

तर मित्रांनो, अकरा आठवडे मी तांबड्या उजेडात घडलो. क्लाइव्ह एकेक रेझिस्टर, म्हणजे वीज मोजून सोडणारा इवलासा भाग, उचलायचा, त्याचं माप सांगणारे रंगीत पट्टे डोळ्यांजवळ धरून वाचायचा आणि नकाशाप्रमाणे डाग देऊन बसवायचा. शेवटी त्याने पहिली पट्टी दाबली. माझा सूर खालून उठला, कण्हत कण्हत वर चढला आणि मग आपल्या जागेवर जाऊन बसला. हॅरल्ड हातात डबा घेऊन धावत जिना उतरले.

"भोंगा झाला? पाळीला उशीर झाला?"

हुबेहूब गिरणीचा भोंगा! नकाशात असं काही लिहिलेलं नव्हतं, पण क्लाइव्हला वाटलं, आपण हुशारच. मलाही तसंच वाटलं.

त्याच कारखान्यात ग्लेनिस पॅकिंगच्या टेबलावर होती. गळा असा, की ऐकणाऱ्याने चमचा खाली ठेवावा. ती मला बघून म्हणाली, "गाईन मी. पण ह्या कपाटाला माझ्यावर ओरडू द्यायचं नाही!" असा आमचा गट झाला. पोलाद ठोकणाऱ्या जुन्या घणावरून नाव ठेवलं टिल्ट हॅमर. दोन माणसं आणि मी. गिटार नाही, ढोल नाही. कामगारांच्या क्लबात पहिल्या दिवशी लोक ओरडले, "वादक कुठे हरवले रे?" एकाने तर क्लाइव्हला फ्यूज दुरुस्त करणारा समजून घरचा पत्ता दिला. मग मी तोंड उघडलं आणि सगळे गप्प झाले.

पुढची सात वर्षं काय सांगू! आमचं गाणं देशात चौथ्या क्रमांकावर गेलं. आम्ही टीव्हीवर दिसलो. परदेशातल्या बर्फात वाजवलं. थंडीत माझे सूर उतरतात, म्हणून कार्यक्रमाच्या तासभर आधी मला सुरू करावं लागतं. ग्लेनिस अंगातला कोट काढून माझ्यावर घालायची आणि स्वतः कुडकुडत बसायची. "आधी ह्याला ऊब, मग आपल्याला चहा," असा तिचा नियमच होता. त्या कोटाला पेपरमिंटचा वास यायचा. तेवढं कौतुक पुढे कोणी केलं नाही.

कारण १९८५ साली एक नवं यंत्र आलं. गुळगुळीत, कधीही न घसरणारं. मला परत तळघरात ठेवलं आणि माझ्यावर बटाट्यांची पोती आली. गट फुटला. क्लाइव्ह बस चालवू लागला, ग्लेनिस शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. हॅरल्ड गेले. मी बटाट्यांना मोड येताना बघत राहिलो. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी मात्र त्याच क्लबाने बोलावणं धाडलं. एकच कार्यक्रम, टिल्ट हॅमरचा. सगळी तिकिटं खपली. क्लाइव्हने मला रूपर्ट नावाच्या एका जाणकाराकडे दुरुस्तीला दिलं आणि कार्यक्रमाच्या दुपारी रूपर्ट मला घेऊन थेट क्लबात आला.

"तीस रेझिस्टर बदलले. आता सगळं नकाशाबरहुकूम," तो अदबीने म्हणाला. "मूळ जोडणीत कुठेतरी चूक असणार, साहेब. सूर घसरत होता."

क्लाइव्हने पट्टी दाबली. सूर सरळ निघाला. स्वच्छ, जागच्या जागी. मीच दचकलो.

"हे कोण बोलतंय?" ग्लेनिसने विचारलं.

क्लाइव्हचा चेहरा उतरला. "म्हणजे माझी चूक होती ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या माझ्या चुकीला." त्याने माझं झाकण लावलं. "ह्या आवाजात मी वाजवणार नाही, आणि तो आवाज मला काढता येत नाही. लोकांना परत पाठव, ग्लेनिस."

"गप बस! तू हुशार होतास म्हणून आले होते का मी? आवाज ऐकून आले होते." तिने रूपर्टकडे वळून विचारलं, "जुने भाग कुठायत?"

"कचऱ्यात गेले, बाई. मी कुठला काढला, कुठला नाही, हे..." बिचारा घामाघूम झाला.

"तांबडा दिवा आहे का अजून?" ग्लेनिसने क्लाइव्हला विचारलं.

होता. क्लाइव्ह वडिलांच्याच घरात राहत होता आणि हॅरल्डचा दिवा काढायला त्याचा हात कधी धजला नव्हता. मला उचलून तिघं घरी आले आणि तळघरात उतरले. उरलेल्या सुट्या भागांचा बिस्किटाचा डबा फडताळात तसाच होता. "जसं तेव्हा केलंस तसंच कर," ग्लेनिस म्हणाली. क्लाइव्हने नकाशा उघडला, डब्यातून एक रेझिस्टर उचलला आणि डोळ्यांजवळ धरला.

"तीन नारिंगी पट्टे. हाच लागतो."

ग्लेनिसने तो त्याच्या हातातून घेतला, जिना चढून उन्हात गेली आणि तिथूनच ओरडली, "अरे गाढवा, मधला पांढरा आहे!"

तांबड्या उजेडात नारिंगी आणि पांढरा सारखेच दिसतात, मित्रांनो. नकाशात तीन नारिंगी पट्ट्यांचे रेझिस्टर तीन ठिकाणी होते. चूक त्यातल्याच एका ठिकाणी झाली असणार. रूपर्टने तो पांढऱ्या पट्ट्याचा रेझिस्टर एकेका ठिकाणी डाग देऊन बसवून पाहिला. पहिल्या ठिकाणी काहीच झालं नाही. दुसऱ्या ठिकाणी मी नुसता चिरकलो. सहा वाजून गेले होते, आठला पडदा उघडायचा होता. तिसऱ्या ठिकाणी डाग बसला, पट्टी दाबली गेली आणि माझा सूर खालून उठला, कण्हत कण्हत वर चढला!

क्लाइव्हने जिन्याकडे पाहिलं. डबा घेऊन कोणी उतरलं नाही. तो ढसाढसा रडला.

"माझंच चुकलं," रूपर्ट पुटपुटला.

"छे, तू बरोबर होतास," ग्लेनिसने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तीच तर पंचाईत झाली!" मग तिने कोट काढून माझ्यावर घातला. कोट नवा होता, वास तोच.

आठ वाजता क्लाइव्ह दिवेवाल्याला म्हणाला, "पांढरे सगळे घालव. एक तांबडा ठेव."

"का हो?"

"माझ्या बाबांची कबुतरं काळी पडतील."

मी पहिला सूर लावला. मागच्या रांगेतला एक म्हातारा गिरणी कामगार टोपी घेऊन उभाच राहिला. "सुटली पाळी!" सगळा क्लब हसला आणि मग ज्या टाळ्या पडल्या, त्या मला अजून ऐकू येतात.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूची धूळ झटका, गंज पुसा, आणि कृपा करून बटाटे दुसरीकडे ठेवा. दुरुस्तीला हात घालण्याआधी मात्र तिला एकदा गाऊ द्या. माझ्यापुरती सोय झाली आहे. त्या रेझिस्टरशेजारी क्लाइव्हने एक चिठ्ठी चिकटवली आहे आणि मी ती पदकासारखी मिरवतो.

"ही चूक आहे. काढू नये. क्लाइव्ह आणि बाबा."