आडव्या सायकलीखालचा रोलर

मी एक जुना रोलर आहे, मित्रांनो. रस्ता दाबणारे धूड डोळ्यांपुढे आले असेल, तर ते आधी पुसून टाका. मी म्हणजे लोखंडी चौकटीत बसवलेले तीन गुळगुळीत रूळ. मागे दोन, पुढे एक. मागच्या दोघांच्या मधोमध सायकलचे मागचे चाक बसते, पुढच्या रुळावर पुढचे. पायडल मारले की मागचे चाक मला फिरवते, माझा रबरी पट्टा पुढचा रूळ फिरवतो आणि सायकल घरातल्या घरात, जागच्या जागी धावू लागते. पण मी सायकलला कुठेच धरून ठेवत नाही. तोल गेला की स्वार पडतो. माझ्या सगळ्या भीतीचे मूळ एवढेच आहे.

मला एका लेथवाल्याने घडवले. रूळ कातून झाला की तो डोळे मिटून त्यावर बोटाचे टोक टेकवायचा. केसाएवढी थरथर लागली तरी रूळ पुन्हा लेथवर चढायचा. पुढे मी एका सायकल क्लबच्या हॉलमध्ये गेलो. शर्यतीतली मुले-मुली माझ्यावर सराव करत. "यावर टिकला तो कुठेही टिकेल," असे प्रशिक्षक म्हणाले की माझी छाती फुगायची. मग चाक घट्ट पकडून ठेवणारी, पडद्यावर डोंगर-दऱ्या दाखवणारी यंत्रे आली आणि मला जिन्याखाली रंगाच्या डब्यांमागे ढकलून दिले. तिथे एक उंदीर माझा पट्टा कुरतडायला यायचा. त्याच्या पायांची खुडबुड ऐकू आली की मी नुसता वाट बघत पडायचो. ज्याला पळता येत नाही त्याची भीती केवढी असते, ते मला त्या अंधारात कळले.

क्लबने अडगळ काढायला घेतली तेव्हा एका गोलमटोल, टक्कल पडलेल्या गृहस्थाने मला उचलून घरी नेले. दातांच्या कवळ्या बनवणे हा त्याचा धंदा. त्याची मोठी बहीण शाळेत भूगोल शिकवायची. सगळे जण तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. भावाला मात्र त्या अजूनही छोट्या म्हणायच्या.

बाईंची सायकल आडवी होती. आरामखुर्चीत बसल्यासारखी पाठ टेकायची, पाय पुढे पसरायचे आणि पायडल मारायचे. एका वळणावर मालाच्या गाडीने त्यांना बाजूने घासून खाली पाडले होते. पाय मोडला, जुळला, डॉक्टरांनी चालवायला परवानगीही दिली. पण बाई सायकल फाटकापर्यंत न्यायच्या आणि त्यांचे हात असे थरथरायचे की ब्रेकच्या तारा खडखडायच्या. मग आल्या पावली परत. वर्गात जगाचा नकाशा तोंडपाठ सांगणाऱ्या बाईंना घरासमोरचा रस्ता ओलांडवेना.

आडवी सायकल लांब असते. माझा पुढचा रूळ तिच्या चाकापर्यंत पोचेना, म्हणून छोट्याने माझ्या चौकटीला नवी भोके पाडली. ड्रिल अंगात शिरताना मला वाटले, संपले आपले. पण त्याचा हात हलका होता. नवा लांब पट्टा चढवून त्याने मला घरातल्याच, स्वयंपाकघराबाहेरच्या अरुंद बोळात ठेवले. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला जुनी गादी.

"ताई, पडलीस तर दात माझ्याकडेच बसवायचे हं."

"आधी सायकल सरळ धर. दातांचं मग बघू."

बाई बसल्या. उभ्या सायकलवर तोल गेला तर पटकन पाय टेकता येतो. इथे पाय वर, पुढे. त्यांचा एक हात भिंतीवर होता आणि त्या हाताची थरथर सीटमधून, चाकांमधून थेट माझ्यापर्यंत येत होती. दोघेही घाबरलेले. फरक एवढाच, की त्यांना थांबता येत होते.

सायकलला खडीच्या रस्त्याचे, जाड खाचांचे टायर होते. ते माझ्यावर फिरताच सगळे घर घरघरू लागले, कपाटातली भांडी नाचू लागली. चाक इकडून तिकडे सरकत राहिले. मग छोट्या हौसेने मागच्या चाकासाठी अगदी बारीक, कडक टायर घेऊन आला. आवाज बराच कमी झाला, पण तो टायर माझ्यावरून असा निसटायचा की नुसता श्वास घेतला तरी सायकल वळायची. बाई घामाघूम होऊन उतरल्या.

"हा नको रे. जीव मुठीत धरून किती वेळ बसू?"

शेवटी मध्यम रुंदीचा, बिनखाचांचा टायर आला. हवा जरा कमी ठेवल्यावर तो माझ्यावर छान बसला. मागच्या चाकाचा प्रश्न सुटला. पुढचे चाक लहान. त्याच्यासाठीही तसाच टायर आणला होता, पण बाई अडून बसल्या.

"पुढचा काढायचा नाही. त्या दिवशी त्यानेच मला वाचवलं."

"अगं ताई, तो टायर आहे, देव नाही!"

"राहू दे म्हटलं ना."

तो राहिला. आणि माझी झोप उडाली. कारण त्या टायरच्या एका कडेला अपघातात चीर पडली होती. वरून काही दिसत नव्हते, पण चाकाच्या प्रत्येक फेरीला माझ्या पुढच्या रुळावर एक बारीकसा फुगवटा आपटत होता. थप. थप. माझ्यावर फिरताना टायर तापतात. त्या उष्णतेने तो फुगवटा रोज मोठा होत होता. मला सगळे कळत होते आणि मला तोंड नव्हते.

एका सकाळी बाईंचा हात भिंतीवरून सुटला. पहिल्यांदाच. त्या चक्क गुणगुणत होत्या. खाली मी मात्र भीतीने गारठलो होतो. थप, थप, थप. माझी चौकट फरशीवर वाजू लागली. स्वयंपाकघरातून छोट्या कप हातात घेऊनच बाहेर आला.

"ताई, थांब जरा. आवाज ऐक."

"माझा हात सुटलाय, छोट्या! बघ तरी!"

"बघतोय. पण पुढचं चाक ठोके देतंय. थांब."

"तू लहानपणापासून भित्रा. आता मला घाबरवू नकोस!"

धाड! बंद बोळात तो आवाज केवढा झाला म्हणून सांगू! पुढचे चाक माझ्यावरून घसरले, सायकल कलंडली आणि बाई गादीवर जाऊन पडल्या. छोट्याच्या हातातला कप फुटला. माझे रूळ आपल्याच वेगाने फिरत राहिले, मला ते थांबवता येईनात.

"ताई! ताई, बोल ना गं काहीतरी!"

बाई छताकडे बघत पडल्या होत्या. त्यांनी आधी बोटे हलवली, मग पाय. मग हळूच म्हणाल्या, "पडले."

"हो."

"इतके महिने ज्याला घाबरत होते ना, ते होऊन गेलं, छोट्या. आणि मी आहे." मग एकदम रडू लागल्या. रडता रडताच म्हणाल्या, "तू भित्रा नाहीस रे. मला थांबायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः दुकानात गेल्या. छोट्या सांगत होता, दुकानदार कंटाळेपर्यंत त्यांनी प्रत्येक टायर वाकवून, कडा दाबून, उजेडात धरून पाहिला. फाटलेला जुना टायर त्यांनी स्वतःच्या हाताने टाकून दिला. नव्या टायरवर त्या रोज सराव करू लागल्या. रोज बसण्याआधी दोन्ही टायरांवरून बोट फिरवायच्या आणि माझा पट्टाही ताणून बघायच्या.

मग एके दिवशी त्यांनी सायकल माझ्यावर चढवलीच नाही. सरळ दाराबाहेर काढली. फाटक वाजले. छोट्या दारातून परत आला आणि बोळात माझ्याशेजारी फरशीवर बसला. काहीतरी करायचे म्हणून त्याने फडके घेतले आणि माझे तिन्ही रूळ पुसले. पुसून झाले, पुन्हा पुसले. बाहेर एखादी गाडी जोरात गेली की त्याचा हात थांबायचा आणि माझाही जीव थांबायचा. आम्ही दोघे असेच ऐकत बसलो.

मित्रांनो, तुमच्या घरात जी यंत्रे, जी चाके तुमचे वजन वाहतात, त्यांच्याकडे अधूनमधून बघत जा. ती खडखडली, थरथरली, तर कटकट म्हणून सोडून देऊ नका. आमची भाषा तेवढीच आहे. आणि कुणी आपले माणूस "थांब" म्हणाले, तर निदान थांबून ऐका.

खूप वेळाने फाटक वाजले. बाई आत आल्या. चेहरा लाल, केस विस्कटलेले.

"छोट्या, पाणी दे," त्या म्हणाल्या, "आणि उद्या तूही चल."