हळदीचे फोटो

गुरुनाथने काढलेले लेकीच्या हळदीचे फोटो एकजात नारिंगी आले होते. लग्नाला फोटोग्राफर ठरवला होता, पण हळद अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या घरातच होती, तेव्हा "घरचा कार्यक्रम घरचा माणूस टिपणार" असं यानेच ठणकावून सांगितलेलं. हॉलमध्ये एक बल्ब दुसऱ्यासारखा नव्हता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार? आता दोन महिने तो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरशी झुंजत होता. ऑफिसात अख्खी टीम सांभाळणारा हा गृहस्थ रंग कमी-जास्त करायच्या त्या स्लायडरपुढे मात्र हात टेकत होता.

खरं दुखणं वेगळंच होतं. हळदीच्या दिवशी इशिता दोन्ही हात माखून त्याच्याकडे धावत आली, आणि हा खेकसला, "लांब हो, कॅमेरा आहे हातात!" पोरीचा चेहरा उतरला. ती मागे फिरली. मग लग्न झालं, आणि ती नवऱ्याबरोबर ॲरिझोनात, चँडलरला निघून गेली. घरादाराला हळद लागली आणि बापच तेवढा कोरडा राहिला. दर रविवारी तिचा फोन यायचा. "बाबा, फोटो झाले?" एवढंच विचारायची आणि आईला फोन द्यायला सांगायची. पोरगी रुसली आहे, याबद्दल गुरुनाथला शंका नव्हती. निदान फोटो असे करून द्यायचे की तिचा राग जाईल, या एका आशेवर तो स्क्रीनला चिकटून बसायचा.

त्या रविवारी सकाळी एका व्हिडिओत त्याला युक्ती सापडली. फोटोतली एखादी खरोखर पांढरी वस्तू सॉफ्टवेअरला दाखवायची, म्हणजे तिच्यावरून ते बाकीचे रंग जागेवर आणतं. पण हळदीत सगळेच पिवळ्या कपड्यांत, पांढरं शोधायचं कुठे? अखेर शुभाने, म्हणजे त्याच्या बायकोने, काढलेला एक फोटो मिळाला. त्यात तो स्वतःच स्टुलावर चढून बल्ब बदलत होता, कॅमेऱ्याकडे पाठ, अंगात पांढरा कुर्ता. मागे इशिता हसत उभी. त्याने कुर्त्यावर पाठीच्या मधोमध क्लिक केलं आणि तेच माप सगळ्या फोटोंना लावून टाकलं.

सगळी वऱ्हाडी मंडळी निळी पडली. इशिताच्या गालांवरची हळद तर साफ नाहीशी झाली.

चहा घेऊन आलेल्या शुभाने स्क्रीनकडे पाहिलं. "अहो, पोरीला हळद लावलीय की दही?"

"सॉफ्टवेअरच गंडलंय. माझा कुर्ता पांढराशुभ्र आहे."

"होता," शुभा म्हणाली. "मागे फ्रीज दिसतोय ना, त्याच्यावर क्लिक करून बघा."

त्याने केलं. रंग भराभर जागेवर आले. इशिताचे गाल पुन्हा पिवळे झाले, आणि त्याच्या कुर्त्याच्या पाठीवर हळदीचे दोन पंजे उमटले, बोटं फाकलेले, अगदी लख्ख. मघाशी नेमकं त्यातल्याच एकावर त्याने क्लिक केलं होतं. स्टुलावर असताना पाठीला काहीतरी गार लागल्याचं त्याला आत्ता आठवलं. तेव्हा तो एसीला दोष देऊन मोकळा झाला होता.

"तुला माहीत होतं?"

"फोटो मीच काढलाय ना! तिने शपथ घातली होती. म्हणाली, बाबा एडिट करतील तेव्हा त्यांचं त्यांना दिसू दे. कुर्ता दोनदा धुतला मी, तरी डाग आहेत. तुम्ही स्वतःची पाठ कधी बघता?"

गुरुनाथचे डोळे भरून आले. त्याने तो फोटो इशिताला पाठवला. लगेच फोन वाजला.

"फायनली, बाबा! किती वेट करायला लावलंत यार! दर संडेला विचारत होते ना मी!"

गुरुनाथने फोन शुभाच्या हातात दिला, "तू बोल" म्हणाला, आणि कपाटातला कुर्ता शोधायला आत गेला.