ऊनाची सातवी

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. काराकेचू गावच्या चौकात, उंच पॉपलरच्या झाडाशेजारी, एका लाकडी खांबाच्या टोकावर माझा मुक्काम आहे. गावात नवा आलेला माणूस मान वर करून विचारतो, "हे काय लटकतंय?" तेव्हा मला फार राग येतो. मी लटकत नाही. मी चार बोल्टांवर ताठ बसलो आहे, आणि या गावात माझ्याइतके मोठ्याने आजवर कोणी बोललेले नाही.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवून, ठोकून, घासून मला आकार दिला गेला. शेवटी एका बाईने मला तारा जोडून पाहिले, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "चांगला आहे. ओरडेल हा." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. मग आगगाडी, मग मालट्रक, आणि शेवटचा घाट तर मी घोड्याच्या पाठीवरून चढलो. मला खांबावर चढवले त्या दिवशी गावाने मेंढी कापली आणि चौकातच मोठी कढई चढवली. मी पहिला आवाज काढला, तशी कुत्री भुंकू लागली, गाढवांनी सूर धरला आणि एक घोडा दावे तोडून थेट वरच्या कुरणात पळाला. त्याला धरून आणेपर्यंत संध्याकाळ झाली. त्या घोड्याचा मालक मला पुढे जन्मभर शिव्या देत असे.

माझे काम पहाटेपासून सुरू व्हायचे. राजधानीच्या रेडिओवरचे गाणे झाले की हवामान, मग लोकर कातरणीच्या पाळ्या, डॉक्टर कधी येणार, कोणाची गाय हरवली. पण माझ्या आवडीचा कार्यक्रम एकच. त्याचे नाव 'आजचा दिवस'. "याच दिवशी, अमुक साली..." असे म्हणून मी जगाच्या गोष्टी सांगत असे. याच दिवशी एक शहर भूकंपात पडले, याच दिवशी कोणी सर्वांत उंच शिखरावर पाय ठेवला, याच दिवशी एका राजाचे सिंहासन गेले. पाण्याला आलेल्या बाया बादल्या खाली ठेवून ऐकत. एका वसंतातल्या दिवशी माणूस अवकाशात गेल्याची बातमीही काराकेचूला मीच दिली.

आमच्याकडे चांगली बातमी आणणाऱ्याची एक ऐट असते. तो बातमी लगेच सांगत नाही. आधी "सूयुंचू!" असे ओरडतो, आणि ऐकणाऱ्याने काही बक्षीस कबूल केले की मगच तोंड उघडतो. टोपी मिळते, कोकरू मिळते, निदान रुमाल तरी मिळतोच. त्या अवकाशाच्या दिवशी गावचे लोहार टोपी काढून म्हणाले, "आता सूयुंचू कोणाला द्यायचं? खांबाला?" सगळे पोट धरून हसले. मला हसू आले नाही. बातमी मी दिली होती.

त्या गर्दीत एक बाई मात्र हसली नव्हती. तिचे नाव उमसुनाय. रोज सकाळी ती माझ्याखाली उभी राहायची, सगळे दिवस शेवटपर्यंत ऐकायची आणि कमरेवर हात ठेवून मला विचारायची, "सगळ्या जगाचे दिवस पाठ आहेत रे तुला. आमचा दिवस कुठाय?"

तिचा दिवस कोणता, ते मी ऐकून ऐकून शिकलो. मोठ्या युद्धाचा तिसरा उन्हाळा होता. गावातले सगळे पुरुष लढाईवर गेलेले. पाऊस नाही, गहू शेतातच करपायला लागलेला. तेव्हा बायकांनी वरच्या ओढ्यापासून कालवा खणायला घेतला. मधे एक खडक होता. तो त्यांनी शेकोट्या पेटवून तापवला, वर थंड पाणी ओतले आणि तडकलेला दगड पहारींनी काढला. खडक फुटला तेव्हा पाणी आधी लालभडक आले, पुढे काटक्या आणि किडे ढकलत. उमसुनाय तेव्हा नवी सून होती. ती त्या पाण्याच्या पुढे पुढे पळत डोंगर उतरली आणि गावात "सूयुंचू! सूयुंचू!" असे ओरडत शिरली. तिला कोणी काही दिले नाही. देण्यासारखे कोणाकडे काही उरलेच नव्हते. पण गहू वाचला, आणि त्या हिवाळ्यात काराकेचूत एकही मूल उपाशी मेले नाही.

असा दिवस, आणि तो माझ्या तोंडून कधी निघाला नाही. मी तरी काय करणार? गाय हरवल्याचे गावातून कळे, पण 'आजचा दिवस' मधे राजधानीहून जे येई तेच मी बोलणार.

पुढे काळ फिरला, मित्रांनो. सामुदायिक शेती मोडली. गावच्या क्लबातल्या रेडिओपासून माझ्यापर्यंत येणारी तार कोणीतरी तांब्यासाठी कापून नेली, आणि मी मुका झालो. घराघरात टीव्ही आले, मग प्रत्येकाच्या खिशात फोन आले. माझ्या तोंडात चिमण्यांनी संसार थाटला. पोरे नेम धरायला मलाच दगड मारत, आणि नेम लागला की मी टण् करून वाजत असे. तेवढेच माझे बोलणे. ते दिवस आठवले की अजून वाईट वाटते.

उमसुनायही म्हातारी झाली. तिचे कान गेले. फोन कानाला लावला तर म्हणे, "हा नुसता गरम लागतो." लग्नातल्या मोठ्या पेट्यांचा आवाज तिला पोटात जाणवे, पण शब्द कळत नसत. कान जायला लागले तेव्हा, मी बोलत होतो तोवर, माझ्या पत्र्याचा चिरका आवाज तेवढा तिच्या कानात शिरायचा. म्हणून ती अजूनही माझ्याखालच्या बाकावर येऊन बसे आणि मान वर करून म्हणे, "अजून गप्पच का?"

तिची नात सेइलकान गावच्या शाळेत शिकवते. एका हिवाळ्यात ती धावतच बाकापाशी आली. प्रांताच्या रेडिओने गावांना त्यांचा मोठा दिवस कळवायला सांगितले होते. तो दिवस आला की 'आजचा दिवस' मधे वाचणार होते. आमच्याकडे आजीला एने म्हणतात. सेइलकान आजीच्या कानाशी वाकून ओरडली, "एने, तुमचा दिवस रेडिओवर सांगणार! तारीख काय होती?"

"ऊनाची सातवी," उमसुनाय लगेच म्हणाली.

आता इथे घोटाळा आहे. आमच्या जुन्या महिन्यांना डोंगरातल्या जनावरांची नावे आहेत. ऊना हे एका हरणाचे नाव, आणि त्याच्या वाट्याला दोन महिने आले आहेत. पहिला ऊना आणि शेवटचा ऊना, म्हणजे ऑगस्ट आणि सप्टेंबर.

"कोणता ऊना, एने? पहिला का शेवटचा?"

"हो, ऊना," उमसुनाय म्हणाली.

"एने, ऊना दोन आहेत!"

"सातवी. सांगितलं ना."

बाकावर शारशेन म्हातारा बसला होता. गावात शेतीकामाची सगळ्यांत जास्त पदके त्याच्या कोटावर, त्यामुळे सगळ्यांत जास्त मतेही त्याचीच. तो दाढी कुरवाळत म्हणाला, "शेवटचा ऊना, पोरी. कापणी उरकली की माणसं मोकळी होतात, मगच कालवे खणतात. मला लख्ख आठवतंय."

सेइलकानने सप्टेंबर कळवला. रेडिओने होकार दिला. तिने आजीला ओरडून सांगितले, "ऊनाच्या सातवीला ऐकायचं हं!" आजीने मान डोलावली, आणि मी वर बसून एकटाच आनंदलो. माझ्यातून नाही तर नाही, पण कुठून तरी तो दिवस ऐकू येणार होता.

मग उन्हाळ्याच्या ऐन भरातली एक सकाळ उजाडली. मी पाहतो तर उमसुनाय चौकातून येते आहे. डोक्यावर पांढऱ्या कापडाचा तो मोठा फेटा, जो आमच्या म्हाताऱ्या बायका पेटीतून फक्त मोठ्या दिवशी काढतात. अंगात मखमली बंडी. ती बाकावर बसली, हात मांडीवर ठेवले आणि मान वर करून माझ्याकडे पाहू लागली. सेइलकान बादली घेऊन चालली होती, ती थबकली.

"एने, इथं काय करताय?"

"बस. सुरू होईल आता."

"काय सुरू होईल?"

"आज ऊनाची सातवी ना?"

सेइलकानच्या हातातली बादली कलंडली. तिने आजीच्या कानाशी तोंड नेले. "एने, पुढच्या महिन्यात! शेवटच्या ऊनाला!"

या वेळी मात्र उमसुनायला नीट ऐकू आले. "शेवटच्या? अगं, तोवर गहू कापून कणगीत जातो. मग पाणी कशाला आणलं आम्ही? शारशेनची दाढी धुवायला?"

बाकावरचे सगळे खो खो हसले. शारशेन म्हणाला, "वहिनी, मला चांगलं आठवतंय."

"तुला काय आठवतंय? तू पाळण्यात होतास. तुझी आई खडकावर पहार मारत होती आणि तुझं ओरडणं ओढ्यापर्यंत ऐकू येत होतं."

शारशेनने दाढीवरचा हात काढला.

सेइलकान उभीच होती. रेडिओचा दिवस महिनाभर पुढे. आजी आज फेटा बांधून आली आहे, आणि तिच्या लेखी रेडिओ म्हणजे मीच. 'भोंगा कधीच मेला आहे, एने' एवढेच तिला ओरडून सांगायचे होते. ते वाक्य तिला ओरडता येईना. तिने वर माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याकडे काम मागण्यासाठी कोणी पाहिले नव्हते. मग ती धावत सुटली.

ती परत आली ती ओमुर्झाकला घेऊन. गावातल्या लग्नांत गाणी वाजवतो तो, आणि विजेची कामेही करतो. त्याने डोके खाजवत वर पाहिले. "हा? याच्यात चिमण्या राहतात."

"पिल्लं उडाली का?"

"उडाली वाटतं."

"मग घर रिकामं कर. आणि लग्नातलं ते तुझं आवाजाचं यंत्र आण. एने बसल्यात खाली."

त्याने शिडी लावली. शिडी धरायला कोण पुढे आले असेल? शारशेन. माझ्या पोटातून गवत, पिसे, एक जुना मोजा असे बरेच काही निघाले. ओमुर्झाकने आपल्या मेंढवाड्याची वायर सोडून आणली आणि मला जोडली. एवढ्या वेळात चौक भरला. म्हाताऱ्या खांबावर माणूस चढला आहे ही आमच्या गावात बातमीच असते. उमसुनाय मात्र हलली नाही. तिला वाटत होते, पूर्वी व्हायची तशीच दुरुस्ती चालली आहे.

आणि मी खाकरलो. असा खाकरलो की कुत्री भुंकू लागली, गाढवांनी सूर धरला आणि पॉपलरवरची सगळी पाखरे उडाली. माझा आवाज तोच होता, पहिल्या दिवसाचा. जराही गंजला नव्हता!

सेइलकानने एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातात माईक, आणि रेडिओवरच्या बाईंसारखा आवाज काढला. "आजचा दिवस. सात ऑगस्ट. याच दिवशी आफ्रिकेतला आयव्हरी कोस्ट हा देश स्वतंत्र झाला."

उमसुनायने मान डोलावली. "चांगलं झालं."

"याच दिवशी अमेरिकेत एक माणूस दोन उंच इमारतींना दोर बांधून त्यावरून चालत गेला."

"कशाला?" उमसुनाय म्हणाली.

"आणि याच दिवशी," सेइलकानचा आवाज जरा कापला, पण माझा कापला नाही, "युद्धाच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, काराकेचूच्या बायकांनी खडक फोडून डोंगरातलं पाणी शेतात आणलं. त्यांची नावं काल्बू, बुरुलचा, तुर्सुनकान, शारशेन आबांच्या आई आकमारल... आणि पाण्याच्या पुढे पळत ही बातमी गावात आणणारी, उमसुनाय."

उमसुनाय माझ्याकडे पाहत होती. एकेक नाव तिचे ओठ परत म्हणत होते. त्या सगळ्या केव्हाच टेकडीवरच्या कबरींत गेल्या होत्या, आणि मी त्यांना हाका मारल्या होत्या.

"परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितले. तिने आणखी एकदा सांगायला लावले, आणि तिसऱ्या वेळी तर मी इतका मोठ्याने बोललो की पलीकडच्या खोऱ्यातून तेच शब्द उलटून आले. डोंगरालाही तो दिवस पाठ झाला. उमसुनाय काठीवर भार देऊन उभी राहिली आणि ओरडली, "सूयुंचू!"

शारशेनने शिडी सोडली. आपला लांब, भरतकाम केलेला चापान, म्हणजे आमचा डगला, अंगातून काढला आणि तिच्या खांद्यांवर घातला. "घे, वहिनी," तो तिच्या कानाशी म्हणाला. "माझ्या आईकडून द्यायचं राहिलं होतं."

तिने तो चापान दोन्ही हातांनी चाचपला. डोळे पुसले. मग कमरेचा पांढरा रुमाल सोडला आणि शिडीवरच्या ओमुर्झाककडे उंच केला.

"हा त्याला बांध. आज बातमी यानं दिली."

या वेळी कोणी हसले नाही. ओमुर्झाकने तो रुमाल माझ्या गळ्यात बांधला, आणि सगळा चौक टाळ्या वाजवू लागला. मित्रांनो, अवकाशाच्या दिवसापासून मी ज्याची वाट पाहत होतो, ते मला मिळाले.

पुढच्या महिन्यात प्रांताच्या रेडिओनेही तो दिवस सांगितला, चुकीच्या तारखेला आणि फार सुरेख आवाजात. तेव्हापासून काराकेचूत वर्षातून दोनदा पाणी येते आणि दोनदा मेंढी कापली जाते. चूक दुरुस्त करायचे नाव कोणी काढत नाही, शारशेन तर मुळीच नाही. पहिला ऊना माझा आहे. त्या दिवशी मला घासून पुसून ठेवतात, आणि चिमण्यांसाठी ओमुर्झाकने शेजारी एक खोके टांगले आहे. गळ्यातला रुमाल वाऱ्याने विरला की उमसुनाय नवा देते.

माझे एकच मागणे आहे. जुन्या वस्तूंना दगड मारू नका, त्यांच्यात अजून आवाज असतो. आणि तुमच्या गावातही कोणी म्हातारी बाकावर बसलेली असेल, जिच्या पोटात एखादा मोठा दिवस असेल. तिला त्याची तारीख विचारा. फक्त मोठ्याने विचारा, आणि महिना कोणता तेही विचारा.